दिवाळीतली क्रूझ, भाऊजींचा हक्क आणि बंदराचा नियम

सल्ला सदर | १० सप्टेंबर २०२१

पत्र

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये कोविडमुळे रद्द झालेल्या क्रूझचं, पैशांऐवजी मिळालेलं क्रेडिट पडून होतं. ते वापरून येत्या ३१ ऑक्टोबरला मायामीहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ बुक केली. बहामातलं कंपनीचं खासगी बेट आणि मेक्सिकोतलं कोझुमेल असा मार्ग आहे. न्यू जर्सीत त्याच आठवड्यात शिक्षक अधिवेशनाची सुट्टी आणि दिवाळी एकत्र येतात, म्हणून ती तारीख घेतली. पैसे पूर्ण भरून झालेत. आम्ही दोघं आणि १४ वर्षांचा मुलगा, तिघांनी फायझरची कोविड लस घेतली आहे. मुलगी ९ वर्षांची. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेही. पुण्यात कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस घेऊन त्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इथे आल्या. पर्यटक व्हिसावरच्या मुक्कामाचे सहा महिने ऑक्टोबरअखेर संपतात, म्हणून मुदतवाढीचा अर्ज नुकताच टाकला आहे. टॅम्पाहून दीर आणि जाऊबाईही येणार आहेत. जाऊबाईंची लस झाली, भाऊजींनी ठरवून घेतलेली नाही. ते म्हणतात, 'फ्लोरिडात लसीचा कागद मागणं हाच गुन्हा आहे, बघू कोण अडवतं.' नवरा म्हणतो, घरात वाद नको, सगळेच जाऊ. मला काही सुचत नाही. जावं का?

— एक वाचक, एडिसन

उत्तर

आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. ३१ ऑक्टोबरची क्रूझ करू नका. बुकिंग पुढच्या एप्रिलमधल्या सुट्टीवर ढकला. आणि ज्या वादाने घर ढवळून निघालंय, त्या भाऊजींच्या वादाचा या निर्णयाशी सर्वांत कमी संबंध आहे.

तरी सुरुवात त्यांच्यापासूनच करू, कारण जेवणाच्या टेबलावर तुम्हाला तेच बोलावं लागणार. भाऊजी अर्धं बरोबर बोलतात. गव्हर्नर रॉन डीसँटिस यांनी ३ मे रोजी सही केलेला कायदा फ्लोरिडात १ जुलैपासून लागू आहे. कोणताही व्यवसाय गिऱ्हाइकाला लसीचा कागद दाखवण्याची सक्ती करू शकत नाही. केली तर प्रत्येक वेळी ५,००० डॉलरपर्यंत दंड. हा दंड आकारायला येत्या १६ सप्टेंबरपासून सुरुवात होते आहे. पण याला गुन्हा म्हणत नाहीत. हा कंपनीला होणारा दंड आहे, आणि त्यातून भाऊजींना जहाजावर चढण्याचा हक्क मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला सीडीसी, म्हणजे अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र. त्यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये जहाजांसाठी सशर्त परवानगीचा आदेश काढला. पुढे त्यात सवलत आली: ९५ टक्के प्रवासी आणि ९८ टक्के कर्मचारी लस घेतलेले असतील, तर स्वयंसेवक नेऊन चाचणीफेरी करण्याची गरज नाही. फ्लोरिडाने या आदेशाविरुद्ध दावा लावला. टॅम्पाचे न्यायाधीश स्टीव्हन मेरीडे यांनी १८ जूनला राज्याच्या बाजूने निकाल दिला आणि २३ जुलैला अपील न्यायालयानेही तो रोखायला नकार दिला. तेव्हापासून फ्लोरिडाच्या बंदरांपुरता हा आदेश निव्वळ शिफारस झाला आहे. बहुतेक कंपन्या ती आपणहून पाळतात. मग नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने राज्यालाच कोर्टात खेचलं. ८ ऑगस्टला मायामीच्या न्यायाधीश कॅथलीन विल्यम्स यांनी या कायद्याची अंमलबजावणी त्या कंपनीपुरती थांबवली. राज्य अपिलात गेलं आहे.

म्हणजे एकाच बंदरात शेजारी उभ्या असलेल्या दोन जहाजांना आज दोन नियम आहेत. एक सरळ कागद मागतं. दुसरं मागत नाही, पण जो दाखवणार नाही त्याला लस न घेतलेला धरून चाचण्यांचे पैसे, वेगळी बसायची जागा आणि विम्याची अट त्याच्या माथी मारतं. कार्निव्हल ही क्रूझ कंपनी लस न घेतलेल्यांना १०,००० डॉलरचा वैद्यकीय आणि ३०,००० डॉलरचा तातडीने हलवण्याचा विमा मागते. रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या कंपनीचे फ्लोरिडातले आकडे २५,००० आणि ५०,००० आहेत. पॉलिसीतून कोविड वगळलेला चालत नाही.

भाऊजींनी हे सगळं वाचलं असेल. त्यांच्या नजरेतून सुटलंय ते बहामा. तिथल्या सरकारने ऑगस्टमध्ये ठरवलं की ३ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर या काळात बहामाच्या बंदराला लागणाऱ्या क्रूझवरचे १२ वर्षांवरचे सगळे प्रवासी पूर्ण लस घेतलेले हवेत. वैद्यकीय कारणाने लस घेऊच न शकणाऱ्यांना तेवढी सूट. फ्लोरिडाचा कायदा टॅलाहासीत, राज्याच्या राजधानीत होतो, तो बहामाच्या राजधानीत, नासाऊत चालत नाही. आणि फ्लोरिडाहून निघणाऱ्या बहुतेक क्रूझ बहामाला टाळून जाऊच शकत नाहीत, कारण कंपन्यांची खासगी बेटं तिथेच आहेत: कोकोके, कॅस्टवे के, हाफ मून के, ओशन के. तुमच्या सफरीतलं बेटही त्यातलंच. एका बेटासाठी अख्ख्या जहाजाचा मार्ग बदलायचा की मोजक्या लस न घेतलेल्या प्रवाशांना पैसे परत द्यायचे, यात कंपनी काय निवडणार हे उघड आहे. कंपन्यांनी लगोलग १२ वर्षांवरच्यांना सक्ती जाहीर केली.

'आमची क्रूझ तर ३१ ऑक्टोबरला सुटते, दुसऱ्याच दिवशी मुदत संपते' असा हिशोब कुणी मांडेल. मांडू देऊ नका. आदेशाची मुदत शेवटच्या दिवशीही वाढवता येते, आणि कंपनीने स्वतः केलेला नियम बहामाच्या तारखेला बांधलेला नाही. सीडीसीच्या सशर्त आदेशाची मुदतही नेमकी १ नोव्हेंबरलाच संपते. दोन्ही नियम तुम्ही समुद्रावर असताना बदलू शकतील अशी ही तारीख आहे. ती टाळायला हे एक कारणही पुरेसं आहे.

सक्ती योग्य की अयोग्य, यावर आमचं मत विचाराल तर योग्य. जहाजावर चार-पाच हजार माणसं एकाच बफेला, एकाच लिफ्टमध्ये, एकाच थिएटरात असतात आणि दवाखाना जेमतेम काही खाटांचा असतो. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला अडकलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. शिवाय ही काही आजची टूम नाही. केनियाच्या सफारीला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी मंडळींनी पीतज्वराचं पिवळं कार्ड विमानतळावर निमूट दाखवलं आहे, आणि ते मागणारं सरकार भारताचंच होतं. कार्ड नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवायचा अधिकारही त्या सरकारला आहे. विरोधकांच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे: बारा वर्षांखालच्या मुलांना लस मिळतच नाही, त्यामुळे कडक सक्तीचा पहिला फटका लहान मुलांच्या आईबापांना बसतो. नॉर्वेजियनच्या जहाजावर सध्या १२ खालचं मूल चढूच शकत नाही. तुमच्या घरात हा मुद्दा भाऊजींपेक्षा तुमच्या लेकीला लागू पडतो, हे त्यांच्या कानावर घाला.

ते आयत्या वेळी 'कार्डाची सोय होते' म्हणाले, तर तिथेच थांबवा. खोटं लसकार्ड विकत घेणं किंवा वापरणं हा संघीय गुन्हा आहे. गेल्याच महिन्यात होनोलुलूत एका पर्यटक महिलेला अटक झाली, कारण तिच्या कार्डावर मॉडर्नाचं स्पेलिंग 'मॅडर्ना' (Maderna) पडलं होतं.

भाऊजींच्या पैशांचं असं करा. बुकिंग झाल्यानंतर नियम बदलला, हे कारण लेखी मांडून त्यांनी पूर्ण परतावा मागावा, क्रेडिट नव्हे. अशा परताव्याला कंपनी मुदत घालते, म्हणून हे या आठवड्यातच करायला हवं. नाही म्हणाले तरी बंदर शुल्क आणि सरकारी कर परत मिळतातच. न चढलेल्या प्रवाशाचे ते कंपनी ठेवून घेत नाही. जाऊबाईंना एकटीला जायचं असेल, तर लक्षात ठेवा की केबिनचा दर दोघांवर धरलेला असतो. एक नाव कमी झालं म्हणून भाडं निम्मं होत नाही, उलट एकटीच्या प्रवासाचा जादा आकार लागू शकतो.

आता लेकीकडे वळू. तिला जहाजावर प्रवेश आहे, पण तिची जागा तुम्ही समजता तितकी पक्की नाही. ९५ टक्क्यांचं गणित सांभाळायचं तर लस न घेतलेली सगळी मुलं उरलेल्या पाच टक्क्यांत बसवावी लागतात. काही कंपन्या म्हणूनच मुलांसाठी वेगळा सूट-अर्ज घेतात आणि कोटा भरला की नाकारतात. तुमच्या बुकिंगवर मुलीच्या नावापुढे अशी मंजुरी दिसते का, पाहा. नुसतं तिकीट म्हणजे मंजुरी नव्हे.

चाचण्या अनेक ठिकाणी तीन असतात: घरून निघण्याआधी पीसीआर, बंदरावर दुसरी, आणि पाच रात्री किंवा जास्तीच्या सफरीत उतरण्याआधी तिसरी. जहाजावर तिला मास्क. लस न घेतलेल्यांना बंद असलेल्या काही जागांत तिच्यासोबत तुम्हालाही जाता येणार नाही. किनाऱ्यावर उतरायचं तर बहुधा कंपनीच्याच सहलीतून. कोझुमेलला स्वतः टॅक्सी करून हिंडण्याचा बेत असेल तर सोडून द्या. आणि सप्टेंबरपासून ती रोज शाळेत जाते आहे. निघण्याच्या दोन दिवस आधी तिची एक चाचणी पॉझिटिव्ह आली की सगळ्यांचा प्रवास तिथेच संपतो. अशा वेळी बऱ्याच कंपन्या त्या केबिनमधल्या कुटुंबाला पैसे परत देतात. शेजारच्या केबिनमधल्या नातेवाइकांच्या बाबतीत मात्र हुज्जत घालावी लागते. घरात गेल्या ९० दिवसांत कोणाला कोविड होऊन गेला असेल तर पीसीआर उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यासाठी तेव्हाचा अहवाल आणि डॉक्टरांचं बरं झाल्याचं पत्र लागतं.

सासूबाईंचा भाग सर्वांत अवघड आहे, आणि पत्रात तुम्ही तो दोनच ओळींत उरकला आहे.

लसीचंच आधी घ्या. कंपन्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेली किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली लस धरतात. कोविशील्ड त्या यादीत फेब्रुवारीपासून आहे. कोव्हॅक्सिनचा अर्ज अजून विचाराधीन आहे. म्हणजे पुण्यात रांगेत उभं राहून दोन डोस घेतलेल्या सासूबाई कागदोपत्री भाऊजींच्याच रांगेत येतात. त्यांना हे सांगाल तेव्हा जपून सांगा. लस वाया गेलेली नाही, यादीत यायची आहे एवढंच.

यावर इलाज आहे. अशी लस घेतलेल्यांना शेवटच्या डोसनंतर किमान २८ दिवसांनी इथली पूर्ण मालिका देता येते, असं सीडीसीचं मार्गदर्शन आहे. त्यांचे २८ दिवस केव्हाच उलटले. न्यू जर्सीत लस फुकट आहे आणि व्हिसा कोणता हे कोणी विचारत नाही. प्रश्न तारखांचा आहे. कंपन्यांना शेवटच्या डोसनंतर १४ दिवस झालेले हवे असतात. फायझरच्या दोन डोसांत २१ दिवस, म्हणजे एकूण ३५: पहिला डोस उशिरात उशिरा २६ सप्टेंबरला, दुसरा १७ ऑक्टोबरला. मॉडर्नाला २८ अधिक १४, म्हणून पहिला १९ सप्टेंबरच्या आत. जॉन्सनचा एकच डोस १७ ऑक्टोबरपर्यंत चालेल. दुसऱ्या डोसच्या दिवशी ताप आला, केंद्र बंद निघालं, वेळ मिळाली नाही, की हे गणित कोसळतं. तेव्हा या शेवटच्या तारखांना टेकून काही ठरवू नका. अडुसष्ट वर्षांच्या मधुमेही बाईंना चौथा डोस क्रूझसाठी म्हणून द्यायचा नसतो. तो त्यांच्या प्रकृतीसाठी द्यायचा का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

समजा लस झाली. तरीही सीडीसीने २० ऑगस्टला आपला सल्ला बदलला आहे: ज्यांना गंभीर आजाराचा धोका जास्त, त्यांनी लस घेतलेली असो वा नसो, क्रूझ टाळावी. वय आणि मधुमेह, दोन्ही त्या यादीत आहेत. डेल्टा हा विषाणूचा नवा प्रकार आल्यापासून लस घेतलेल्यांनाही लागण होते आहे. ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून निघालेल्या कार्निव्हल व्हिस्टावर २७ जण पॉझिटिव्ह निघाले. त्यातले २६ कर्मचारी होते. जहाजावर तुमची केबिन आवरणारा, ताट मांडणारा माणूस अनेकदा गोव्याचा, रत्नागिरीचा असतो, आणि त्याचा करार कित्येक महिन्यांचा असतो. भाऊजींच्या हक्काच्या चर्चेत हा माणूस कुठेच नसतो.

त्यानंतर येतो मुक्कामाचा प्रश्न, आणि आमच्या मते सगळं इथेच अडतं. सासूबाई पर्यटक व्हिसावर आहेत. आय-९४ वरची, म्हणजे प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या मुक्कामाच्या नोंदीवरची तारीख ऑक्टोबरअखेरची, म्हणजे जहाज सुटण्याआधीची किंवा त्याच सुमाराची. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असताना त्या इथे राहू शकतात. पण क्रूझवर चढल्या की त्या देशाबाहेर गेल्या, आणि बाहेर पडलेल्या माणसाच्या मुदतवाढीच्या अर्जाला अर्थ उरत नाही. सात दिवसांनी मायामीच्या बंदरावर त्या नव्याने प्रवेश मागत असतील. समोरचा अधिकारी विचारणार: सहा महिने राहून झाले, परत का? दहा वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा असला तरी किती दिवस द्यायचे हे तोच ठरवतो. कमी दिवस मिळू शकतात, अडवणूकही होऊ शकते. पुण्याच्या परतीच्या तिकिटाची तारीख हातात नसताना समुद्रस्नानासाठी हा धोका घेऊ नये. तरीही न्यायचंच असेल तर आधी व्हिसाच्या वकिलाचा सल्ला घ्या. ट्रॅव्हल एजंटला विचारून भागणार नाही.

त्यांचा विमाही काढून बघा. परदेशातून आलेल्या पालकांसाठी आपण जो विमा घेतो, तो बहुतेक वेळा आधीपासूनच्या आजाराला अर्धामुर्धा धरतो आणि अमेरिकेबाहेर त्याचे पाय लटपटतात. जहाजाचा डॉक्टर विमा कंपनीला बिल पाठवत बसत नाही. ते तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरायच्या आधी कार्डातून वळतं होतं. भर समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर खर्च हजारो डॉलरांत जातो.

आता पॉझिटिव्ह निघाल्यावर काय होतं, ते सविस्तर सांगतो, कारण घराघरांत याच्याबद्दल 'बघू तेव्हाचं तेव्हा' म्हटलं जातं. ज्याला लागण झाली त्याला वेगळ्या ठेवलेल्या केबिनमध्ये हलवतात. जेवण दाराशी येतं. बाल्कनी मिळेलच असं नाही. मूल असेल तर एक पालक सोबत, आणि तो पालकही मग अडकला. लस न घेतलेल्या संपर्कातल्यांनाही विलगीकरण. मायामीला उतरल्यावर दहा दिवस विमानात चढता येत नाही. एडिसन तिथून सुमारे १,२५० मैल. एक तर हॉटेलात दहा दिवस काढायचे, नाहीतर स्वतःच्या गाडीतून, काचा उघड्या ठेवून, दोन-तीन दिवसांचा प्रवास. त्यात दुसरं मूल निगेटिव्ह असेल तर त्याला कोणाच्या गाडीत घालायचं? म्हणून कोणीही क्रूझला जाताना औषधं सात दिवसांची न नेता वीस दिवसांची न्यावीत, तीही हातातल्या बॅगेत: सात सफरीचे, दहा विलगीकरणाचे, तीन प्रवासाचे. इन्सुलिन, पट्ट्या, सुया सगळं त्यात आलं.

यावर एक तोडगा तुमच्या अंगणातच आहे. न्यू जर्सीतल्याच बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून याच महिन्यात क्रूझ पुन्हा सुरू झाल्या आहेत. रॉयल कॅरिबियनचं ओअॅसिस ऑफ द सीज हे जहाज तिथून सुटतं आहे. एडिसनहून गाडीने फारतर पाऊण तास. न्यू जर्सीत फ्लोरिडासारखा कायदा नाही, त्यामुळे कागद मागायचा की नाही हा घोळ नाही. कोणी पॉझिटिव्ह निघालं तर स्वतःच्या गाडीने स्वतःच्या घरी. लहान मूल असलेल्या इथल्या कुटुंबाने या शरद ऋतूत क्रूझ करायचीच म्हटलं, तर आम्ही मायामी सोडून बेयॉन सुचवू. खोट एवढीच की जाताना आणि येताना दीड-दोन दिवस अटलांटिकचा गारठा असतो, नोव्हेंबरात केप हॅटरसजवळ जहाज चांगलं हेलकावतं, आणि पोहण्याच्या तलावाकडे स्वेटर घालून बघत बसावं लागतं. उलटीची गोळी बोट हलायच्या तासभर आधी घ्यायची असते, पोटात कालवल्यावर नव्हे.

पण तरीही ही दिवाळी जहाजावर कशाला? लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला, ऐन समुद्रात येतं. जहाजावर पणती, मेणबत्ती, उदबत्ती काहीच लावता येत नाही. सामानाच्या तपासणीतच काढून घेतात. घरचा फराळही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, फक्त सीलबंद पाकिटं. सासूबाईंची अमेरिकेतली पहिली दिवाळी असेल तर त्यांनाच विचारा, त्यांना बॅटरीची पणती हवी की घरची. तुम्ही त्यांना विचारलं असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही.

तारीख कशी हलवायची ते सांगतो. फोनवर आधी 'रद्द करायचं आहे' म्हणू नका. तो शब्द उच्चारला की रद्दीकरणाचा तक्ता लागू होतो, आणि निघायला ५१ दिवस राहिले असताना त्या तक्त्यात भाड्याचा मोठा भाग बुडतो. 'तारीख बदलायची आहे, कोविडसाठी दिलेली सवलत माझ्या बुकिंगला लागू आहे का' असं विचारा. अनेक कंपन्यांनी जहाज सुटायच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द करून पूर्ण क्रेडिट घ्यायची मुभा ठेवली आहे. ती बुकिंगच्या तारखेवर अवलंबून असते आणि कन्फर्मेशनच्या बारीक अक्षरांत असते. तुमच्या पैशांत जुनं क्रेडिट आणि नवी रोकड असे दोन भाग आहेत. दोन्हींचं काय होणार ते वेगवेगळं विचारा. क्रेडिट क्रेडिट म्हणूनच परत येईल आणि त्याची मूळ अंतिम तारीख वाढली नसेल तर एप्रिलमध्ये निरुपयोगी ठरेल. हा सापळा नेहमीचा आहे. एजंटमार्फत बुक केलं असेल तर कंपनी तुमच्याशी बोलणार नाही, एजंटकडूनच ईमेल मिळवा. कोणत्याही कारणासाठी रद्द करता येणारा विमा आता शोधू नका. तो पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो आणि तेव्हाही ५० ते ७५ टक्केच देतो. साध्या विम्यात 'भीती वाटते' हे कारण धरत नाहीत.

नवऱ्याचा आग्रह टिकला आणि तुम्ही चौघंच ३१ तारखेला निघालात, तर निदान चार गोष्टी चोख करा. निघण्याआधीच्या चाचणीची मुदत १३ सप्टेंबरपासून तीनऐवजी दोन दिवसांची होते आहे. रविवारी सुटणाऱ्या जहाजासाठी ती शुक्रवारी २९ किंवा शनिवारी ३० ला करावी लागेल. शनिवारी प्रयोगशाळा दुपारी बंद होतात, म्हणून शुक्रवार सकाळची वेळ आत्ताच घ्या. तिघांना अँटिजेन चालते, पंधरा मिनिटांत निकाल मिळतो. लेकीची पीसीआर असेल तर निकाल २४ तासांत देणारं केंद्रच निवडा. औषधाच्या दुकानातली साधी घरगुती चाचणी चालत नाही. व्हिडिओवर कोणीतरी बघत असताना केलेली, अहवाल देणारी लागते. लसीची मूळ पांढरी कार्डं न्या, फोनमधला फोटो पुरत नाही. ती लॅमिनेट केली असतील तर तशीच राहू द्या, प्लॅस्टिक सोलायला जाऊ नका. कार्डावरचं नाव पासपोर्टशी ताडून बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं आणि लस देणाऱ्याने ते गाळलेलं असतं. जन्मतारीख जुळत असेल तर बहुधा अडत नाही, पण महिना आणि दिवस उलटे पडले असतील तर लस दिलेल्या केंद्राकडून आजच दुरुस्त करून घ्या. मायामीला शनिवारीच पोहोचा. रविवार सकाळच्या विमानावर भरवसा ठेवून जहाज चुकवणारे दर आठवड्याला निघतात.

भाऊजींशी तुम्ही बोलू नका. ते काम नवऱ्याचं. आणि त्याने कायद्यावर, लसीवर बोलायचंच नाही. एकच वाक्य पुरे: 'दादा, बहामात उतरू देणार नाहीत, एजंटला विचारून बघ.' धाकटा असेल तर 'दादा'ऐवजी नावाने हाक मारावी, वाक्य तेच. नकार एजंटकडून आला तर तो घरातल्या कोणी दिला असं होत नाही, आणि त्यांचं मत त्यांच्यापाशी राहतं. टॅम्पाहून दिवाळीला एडिसनला येणार असतील तर सासूबाईंना भेटण्याआधी एक अँटिजेन चाचणी करून यायला सांगा. हे मात्र तुम्ही स्वतः सांगितलंत तरी चालेल, घर तुमचं आहे.

सोमवारी सकाळी पहिला फोन एजंटला करा आणि बोलणं झाल्यावर तेच मुद्दे ईमेलने पाठवून त्याच्याकडून 'बरोबर' असं उत्तर घ्या. दुसरा फोन सासूबाईंच्या डॉक्टरांना. क्रूझ होवो न होवो, कोव्हॅक्सिननंतर इथली लस घ्यायची का हे त्यांना विचारायचंच आहे, आणि जाताना साखरेच्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी आणि पुण्याचं लसीचं प्रमाणपत्र सोबत न्या.